दुबार पेरणी : दहावीत गडगडलेल्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे ते आधी सांगतो. ज्यांच्या नववीच्या प्रगतिपुस्तकावर ‘वरच्या वर्गात घातले’ असा शेरा आहे, ज्यांना दहावीत पन्नाशीच्या आतबाहेर गुण पडलेत आणि तरीही ज्यांच्या डोक्यात आयआयटी, एम्स, दिल्ली विद्यापीठ, लॉ युनिव्हर्सिटी असलं काहीबाही शिरलंय, त्यांच्यासाठी. ज्यांना ९० च्या वर आहेत त्यांनी पुढे वाचू नये. त्यांना मार्गदर्शन करायला अख्खा तालुका मोकळाच बसलेला असतो.

लेखकाची पात्रता विचाराल, तर अंबड रस्त्यावर माझं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आहे. पाटीवर खाली बारीक अक्षरात ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ असं लिहिलंय, आणि पोट त्या बारीक अक्षरांवरच चालतं. मला स्वतःला दहावीत ४७ टक्के होते. गणितात बरोबर ३५. त्यातले माझे किती आणि पेपर तपासणाऱ्या सरांचे किती, याचा शोध मी घेतलेला नाही. मी कोणत्याही नामांकित संस्थेत शिकलो नाही, पण नामांकित संस्थांचे फॉर्म भरण्यात माझा हात धरणारा सापडायचा नाही.

दुबार पेरणी म्हणजे काय, हे जालना जिल्ह्यात समजावून सांगावं लागत नाही. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथं महिको काढली, तेव्हापासून हे बियाण्याचं गाव. मृगाचा एक शिडकावा झाला की आपण कपाशी लावतो, सोयाबीन पेरतो. मग पाऊस पंधरा दिवस दडी मारतो, कोंब करपतात, आणि पुन्हा बियाण्याच्या दुकानापुढं तीच रांग लागते. रांगेतल्या माणसाला कोणी ‘नापास शेतकरी’ म्हणत नाही. सगळे पावसाला शिव्या देतात आणि त्याला चहा पाजतात. पोराची पहिली पेरणी उलटली की मात्र त्याच रांगेतली माणसं बियाण्यातच खोट काढतात.

पायरी पहिली : निकाल बघणे

निकाल दुपारी एक वाजता लागतो. संकेतस्थळावर दोन गोष्टी टाकाव्या लागतात : आसन क्रमांक आणि आईचं नाव. आईचं नाव ही गुप्त गोष्ट आहे, असा बोर्डाचा समज दिसतो. मोठ्या शहरात असेलही. आमच्याकडे ते मामाला माहीत असतं, कारण ती त्याची बहीण असते. आसन क्रमांक तर त्यानं फेब्रुवारीतच ‘देवापुढं ठेवतो’ म्हणून मागून घेतलेला असतो. त्यामुळे तुमच्या मोबाईलवर ते चक्र गरगर फिरत असतानाच, एक वाजून दोन मिनिटांनी, मामाचा फोन येतो. मामाचं पहिलं वाक्य ‘पेढे कधी?’ असेल तर ही मार्गदर्शिका मिटवा. ‘हरकत नाही, एवढं काय त्यात’ असं असेल तर संकेतस्थळ उघडायची तसदी घेऊ नका. निकाल कळला.

नवशिक्यांनी एक लक्षात ठेवावं. बरोबर ३५ टक्के पडलेल्याची हल्ली डीजे लावून मिरवणूक निघते, ९५ वाल्याचा चौकात फ्लेक्स लागतो. मधल्या, म्हणजे ४५ ते ६० च्या पोराला ना डीजे, ना फ्लेक्स. एका क्लासच्या फ्लेक्सवर तर मी असा एक फोटो पाहिला, की ते पोरगं त्या क्लासला गेलेलंच नव्हतं. पासपोर्ट फोटो माझ्याच दुकानातून गेला असावा, असा मला दाट संशय आहे. तुमचा चेहरा त्या फ्लेक्सवरून वाचला, एवढं समाधान आज पुरे.

पायरी दुसरी : ‘किती पडले?’

या प्रश्नाला तीन उत्तरं चालतात. पहिलं, ‘फर्स्ट क्लास हुकला थोडक्यात.’ थोडक्यात म्हणजे किती, हे विचारायला समोरचा धजत नाही. दुसरं, ‘बेस्ट ऑफ फाइव्ह धरून का तसे?’ सहा विषयांतल्या उत्तम पाचांची बेरीज धरायची पद्धत २०१० पासून आहे, तरी पारावरच्या तात्यांना ती अजून नीट कळलेली नाही, आणि तुम्ही समजावून सांगू लागलात की ते उठून जातात. तिसरं उत्तर फक्त २०२१ च्या बॅचसाठी. त्या वर्षी करोनानं परीक्षाच झाली नाही, नववीचे गुण धरून निकाल लावला आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. नववीला इतिहासात भाव आला तो एवढ्या एकाच वर्षी, आणि नेमकं तेव्हाच नववीत गंमत म्हणून नापास झालेल्यांचे काय हाल झाले, ते मी दुकानात बसून पाहिलंय.

पायरी तिसरी : दहावी नेमकी कोण विचारतं ते शोधणे

ही पायरी सावकाश चढावी. अख्खी मार्गदर्शिका हिच्यावर उभी आहे आणि गावात हीच कोणी सांगत नाही.

आयआयटीला दहावीचे गुण लागत नाहीत. तिथं जेईई मेन, मग ॲडव्हान्स्ड आणि बारावीत ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव, एवढं लागतं. डॉक्टर व्हायला नीट, आणि बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅटला बारावीत ४५ टक्के पुरतात, आणि त्यातलं एक विद्यापीठ तर आपल्यापासून साठेक किलोमीटरवर, संभाजीनगरात आहे. दिल्ली विद्यापीठात २०२१ पर्यंत काही कॉलेजांची कट-ऑफ १०० टक्क्यांवर गेलेली असायची. पुढच्याच वर्षी सीयूईटी आली आणि प्रवेश तिच्या गुणांवर व्हायला लागले. महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीतही इंजिनिअरिंगला बारावी फक्त ४५ टक्क्यांपुरती, मागासवर्गीयांना ४०. बाकी सगळी सीईटी.

आता दहावी जपून ठेवणाऱ्यांची यादी. अकरावीचा प्रवेश. पॉलिटेक्निक. नोकरीच्या जाहिरातीत ‘दहावी, बारावी, पदवी सलग ६० टक्के’ लिहिणाऱ्या कंपन्या. काही आयआयएम, विशेषतः बंगळूरची; कॅटमध्ये कितीही तोडले तरी मुलाखतीची यादी करताना ती दहावी-बारावीचे गुण वजनात धरते. वकिली, डॉक्टरी, विज्ञान यांपैकी कोणालाच तुमची दहावी आठवत नाही, पण धंदा-व्यवस्थापन शिकवणाऱ्याला आठवते. उधारीच्या वहीची सवय असावी. अमेरिकेतली कॉलेजं तर नववीपासून चारही वर्षांचे गुण मागतात. मात्र चार वर्षांची रेघ खालून वर चढत गेलेली दिसली तर तिचाही तिथं विचार होतो, असं तिकडचे फॉर्म भरताना माझ्या लक्षात आलंय. आणि शेवटी सोयरिकीचा बायोडाटा. तो कायमच दहावीपासून सुरू होतो.

म्हणजे हिशोब असा, की ज्या दारांची आपल्याला धास्ती वाटते तिथं दहावीचा रकानाच नाही, आणि जिथं आहे ती दारं बहुतेक नात्यातली. आमच्याच जिल्ह्यातल्या शेलगावच्या अन्सार शेखनं २०१५ च्या यूपीएससीत वयाच्या एकविसाव्या वर्षी आयएएस मिळवलं. बाप रिक्षा चालवायचा. त्यानंतर आमच्याकडे जो तो विचारत होता, पोराला दहावीला किती होते? यूपीएससीनं विचारलं नाही ते यांना हवं होतं.

पॉलिटेक्निकवाल्यांसाठी उपकलम. दहावीच्या गुणांवर डिप्लोमा मिळाला, तर तीन वर्षांनी डिप्लोम्याच्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. ही दुबार पेरणी सरकारनं स्वतःच करून ठेवलीय. हिच्याकडे नाक मुरडणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या घरातली मोटार जळली की ते डिप्लोमावाल्यालाच बोलावतात.

पायरी चौथी : कुठं शिकायचं

लातूर, कोटा की संभाजीनगर, हा प्रश्न बहुतेक घरांत रात्री जेवणं झाल्यावर निघतो आणि पहाटेपर्यंत शेतावर येऊन थांबतो. यात मी पडत नाही. एवढंच म्हणतो, की वावर विकून क्लास लावू नका. वावर पुन्हा होत नाही, परीक्षा पुन्हा होते. दुसरी एक गंमत बघा. मुंबईची केमिकल टेक्नॉलॉजीची नामांकित संस्था, १९३३ ची, तिची शाखा २०१८ मध्ये खुद्द जालन्यात आली, सिरसवाडीला. सरकारी मेडिकल कॉलेज २०२४ मध्ये आलं. बाहेरची पोरं इथं येऊन राहायला लागली, आणि आपली अजून बॅगा भरतायत.

भाषेचं भ्यावं लागत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. नीटचा पेपर २०१७ पासून आणि जेईई मेनचा २०२१ पासून मराठीत मिळतो. ॲडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी-हिंदीत. म्हणजे ओसरीपर्यंत मराठीत या, माजघरात शिरायचं तर बोली बदला. हे सरळ आहे असं मी म्हणणार नाही.

या पायरीवर टक्के आणि पर्सेंटाइल यांतला फरक घरी समजावून सांगावा लागतो. जेईई मेनमध्ये ८२ पर्सेंटाइल पडले की घरात साखर वाटली जाते, कारण ८२ म्हणजे डिस्टिंक्शन. मी अशा एका बापाला समजावलं होतं. म्हटलं, अण्णा, परीक्षेला चौदा लाखांच्या आसपास पोरं बसतात. ८२ म्हणजे शंभरातले अठरा तुमच्या पोराच्या पुढं. चौदा लाखांतले किती? त्यांनी बोटांवर हिशोब केला आणि म्हणाले, ‘अडीच लाख?’ मी म्हटलं, २०११ च्या जनगणनेत जालना शहर पावणेतीन लाखांच्या वर होतं. म्हणजे जवळजवळ अख्खं जालना पुढं उभं आहे, मोंढ्यापासून स्टेशनापर्यंत. अण्णा बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘पण मागं किती हायत ते बी सांगा ना.’ मागं साडेअकरा लाख होते. साखर वाटली ते काही चुकीचं नव्हतं.

आणि तो ७५ टक्क्यांचा सापळा. जेईईच्या नादात बारावीच्या वर्गाकडे ढुंकूनही न बघितलेली, रँक आलेली आणि बारावीला ७१ पडलेली पोरं मी पाहिलीत. दहावीत आपटलेल्यानं बारावीत पुन्हा तिथंच आपटावं, याला दुबार पेरणी म्हणत नाहीत.

पायरी पाचवी : दाखले

खरी प्रवेश परीक्षा हीच. हिचा अभ्यासक्रम : उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास-राष्ट्रीयत्व, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेयर, टीसी, बोनाफाईड, आणि मधलं एक वर्ष वाया गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. या प्रतिज्ञापत्रात पोरगं शपथेवर सांगतं, की त्या वर्षात मी कुठंही शिकत नव्हतो. ज्याची सगळ्या गावाला खात्री आहे तेवढीच गोष्ट शपथेवर सांगावी लागते.

बारकावे. राज्याचं नॉन-क्रिमिलेयर घेऊन आयआयटीच्या प्रवेशाला जाल तर परत याल. केंद्राला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि तो त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा लागतो. राज्याच्या एसईबीसीला केंद्राच्या फॉर्मात रकाना नाही. कुणबी नोंद निघाली असेल तर गोष्ट वेगळी. अंतरवाली सराटी आमच्याच अंबड तालुक्यातली. २०२३ च्या ऑगस्टात तिथं मराठा आरक्षणासाठी उपोषण बसलं त्यानंतर माझ्या दुकानात पणजोबांच्या नोंदींच्या जेवढ्या झेरॉक्स निघाल्या, तेवढ्या नोट्सच्याही कधी निघाल्या नव्हत्या. मोडीतली ती पानं बघताना दहावीत इतिहासाला ३८ पडलेली पोरं तासन् तास मान वर करत नव्हती.

नावाचं स्पेलिंग आधार, टीसी आणि बोर्डाचं सर्टिफिकेट या तिन्ही ठिकाणी एकच असावं. ज्ञानेश्वर नाव असेल तर तुमचं कल्याण असो. आजपर्यंत त्या नावाची इंग्रजी स्पेलिंगं मी पाच मोजलीत. फोटो सांगितलेल्या केबीत, सही काळ्या शाईत, आणि ओरिजिनल सर्टिफिकेट लॅमिनेट करायचं नाही. हे सांगताना माझ्या धंद्याचं नुकसान होतं, तरी सांगतो.

शेवटचा अडथळा ओटीपी. तो बापाच्या मोबाईलवर येतो. मोबाईल लिंबाच्या फांदीला लटकवलेला असतो, कारण रेंज तिथंच असते, आणि बाप मोसंबीच्या बागेत ठिबकची नळी सरळ करत असतो. दहा मिनिटांत पोरगं दुकानातून फोन करतं, फोन वाजतो, बाप धावत येतो, चष्मा घरी असतो, शेजारच्या वावरातल्या शाळकरी पोरीला हाक मारली जाते, ती वाचून दाखवते, चार आणि नऊची अदलाबदल होते. मुदत संपली. पुन्हा पाठवा.

पायरी सहावी : स्वतःबद्दल लिहिणे

अझीम प्रेमजी किंवा अशोकासारखी खाजगी विद्यापीठं आणि बाहेर देशची कॉलेजं नुसते गुण बघून थांबत नाहीत. तुम्ही कोण, काय करता, काय भोगलंत, असं सगळं विचारतात. अमेरिकेच्या सामायिक अर्जात त्यासाठी ६५० शब्द दिलेले असतात. आपल्याकडे ‘माझा आवडता ऋतू’ यापलीकडे स्वतःबद्दल कोणी काही विचारलेलं नसतं. त्यामुळे सगळ्यांचा पहिला मसुदा एकच येतो : मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, मला देशाची सेवा करायची आहे. कमी गुणांचं कारणही सगळ्यांचं एकच : ‘काही घरगुती अडचणींमुळे.’

एका पोराला मी विचारलं, कसल्या घरगुती? तो म्हणाला, ‘काही नाही, मोसंबी गेली.’ २०१२-१३ चा दुष्काळ. त्या साली जालन्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपणाला घातली. याच्या बापानं टँकर लावून निम्मी बाग धरून ठेवली होती, आणि हे पोरगं नववीचं वर्ष शाळेच्या वेळेत टँकरच्या पाइपाजवळ उभं होतं. म्हटलं, हेच लिही. त्याला पटेना. ‘हे काय लिहायचंय? हे तर सगळ्यांचंच झालं.’ मग त्यानं लिहिलं. बहार धरायच्या आधी मोसंबीला मुद्दाम पाणी तोडून ताण द्यावा लागतो, ताण किती द्यायचा हे बापाला पान चुरगाळून कळतं, आणि त्या वर्षी तो ताण आम्ही दिलेला नव्हता, असं काहीतरी. मी त्याचं इंग्रजी केलं, नंतर त्यानं माझ्या इंग्रजीचं पुन्हा इंग्रजी केलं.

‘अभ्यासेतर उपक्रम’ या रकान्यात पोरं ‘निरंक’ लिहितात. गावच्या सप्ताहात सात दिवस रोज चारशे माणसांची पंगत उठवणारं, वर्गणीचा हिशोब पैशापर्यंत जुळवणारं, काल्याच्या दिवशी मंडपवाल्याशी भांडून भाडं कमी करणारं पोरगं ‘निरंक’ लिहितं. शहरातलं पोरगं वाढदिवसाला दहा जणांना जमवतं आणि त्याला नेतृत्वगुण म्हणतं. इथं लाजू नये. फुशारकीही नको, पण चारशे हा आकडा लिहावा.

शिफारसपत्राचा प्रश्न याहून बिकट. आपल्या शाळांकडे एकच नमुना असतो : ‘सदर विद्यार्थ्याची वर्तणूक माझ्या माहितीप्रमाणे चांगली आहे.’ ‘माझ्या माहितीप्रमाणे’ हे शब्द पुढंमागं पोलीस आले तर उपयोगी पडावेत म्हणून. विद्यापीठाला मात्र या विद्यार्थ्याची जिज्ञासा दिसली असा एखादा प्रसंग हवा असतो. एका हेडसरांना मी हे वाचून दाखवलं. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, ‘शाळेची पाण्याची मोटार त्यानं एकट्यानं खोलून दुरुस्त केली होती. पण ते कसं लिहावं? तास चालू असताना बाहेर होता तो.’ आम्ही तेच लिहिलं. तासाचा उल्लेख गाळला.

जुने कमी गुण लपवायचे की सांगायचे, याचा घोळ घालू नये. १९०७ साली मुंबईत एका मुलानं मॅट्रिक दिली, ७५० पैकी २८२ गुण. टक्के काढले तर ३७.६. आजच्या हिशोबानं ना इकडचा, ना तिकडचा. पण अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक झाला म्हणून लोकांनी सत्काराची सभा घेतली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढं सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्याची गोष्ट नेली ती याच केळुसकरांनी. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात पोचले, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. १९५० मध्ये त्यांनीच औरंगाबादेत कॉलेज काढलं, पुढं मिलिंद नावानं ओळखलं गेलेलं. तोवर आपल्याकडची शिकणारी पोरं हैदराबादची वाट धरायची. ३७ टक्क्यांवर त्या काळी डीजे नव्हता. पुस्तक देणारा एक मास्तर होता. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर शिफारसपत्र त्याच्याकडून घ्या, शाळेचा शिक्का नसला तरी चालेल.

अलीकडचं उदाहरण पाहिजे असेल तर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंप्री खंदारेचे राजू केंद्रे बघा. पदवी मुक्त विद्यापीठाची. त्यानंतर टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, आणि २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घेऊन लंडनला सोआसमध्ये. घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्या पोरांना अशा संस्थांची दारं दाखवणारी एकलव्य ही संस्था त्यांनी सोआसला जायच्या आधीच काढली होती. एका अर्थानं ते माझे धंद्यातले प्रतिस्पर्धी आहेत. ते पैसे घेत नाहीत, एवढीच तक्रार.

पायरी सातवी : मुलाखत

शर्ट इन करा. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. पुढं चला.

पायरी आठवी : जागा मिळाल्यावरचे तीन शब्द

आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशात जागा लागली की तीन पर्याय येतात : फ्रीझ, फ्लोट, स्लाइड. पोरं घाबरून रात्री अकराला माझं शटर वाजवतात. सोपं आहे. फ्रीझ म्हणजे सुपारी फुटली, आता दुसरं स्थळ बघायचं नाही. फ्लोट म्हणजे होकार देऊन ठेवलाय, पण याहून बरं घर आलं तर तिकडं जाऊ. हे माणसात केलं तर बदनामी होते, इथं सरकारी नियमात बसतं. स्लाइड म्हणजे घर हेच, पण धाकटीऐवजी थोरली जमते का बघा. म्हणजे कॉलेज तेच, शाखा वरची. एकदा एका आजोबांनी हे ऐकून विचारलं, ‘आणि मोडलं तर फी परत देतात का?’ नियम वाचून दाखवला. ‘मग हे लग्नापेक्षा बरं,’ म्हणाले.

पहिल्या फेरीत नाव आलं नाही तर जेवण सोडू नये. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत वरचे सरकतात, जागा मोकळ्या होतात. तिथंही नाही आलं, तर ॲडव्हान्स्डला लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदा बसता येतं. त्या मधल्या वर्षाला गाव ‘घरी बसलाय’ म्हणतं. गॅपचं प्रतिज्ञापत्र करताना माझ्याकडे या.

पायरी नववी : निघणे

जालना स्टेशनावरून देवगिरी रात्रीची असते. वंदे भारत २०२३ च्या शेवटी जालन्यातून सुटायला लागली तेव्हा आम्हाला वाटलं होतं ती आपली, पुढं ती नांदेडला नेली. सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असतेच, त्याबद्दल मार्गदर्शन करायची गरज नाही. ओरिजिनल कागदांची फाईल मात्र बॅगेत घालू नका, हातात धरा.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत लागलेल्या पोराचा तिथल्या हॉस्टेलवरून फोन आला. ‘काका, दहावीचं बोर्ड सर्टिफिकेट पाहिजे, आजच अपलोड करायचंय. आईला पाठवलंय तुमच्याकडे.’ एवढ्या फाइलींत नेमकं तेच त्यानं घरी ठेवलं होतं, कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून पेटीत तळाशी. थोड्या वेळानं आई आली. साडीच्या दुकानाच्या पिशवीत वर्तमानपत्र, त्यात अजून एक पिशवी, तिच्यात सर्टिफिकेट. तिला वाटलं, दहावीचं काहीतरी पुन्हा निघालं. ‘काही चुकलं का हो त्याचं?’

म्हटलं, नाही. जन्मतारखेचा पुरावा लागतो त्यांना, तो या कागदावर असतो. स्कॅन केलं, तारीख नीट दिसते का ते मोठं करून दाखवलं, पाठवलं.

‘एवढ्याचसाठी पायजे होतं?’

‘एवढ्याचसाठी.’

‘आन् मार्क?’

‘त्याचा रकानाच नाही.’

तिनं कागद होता तसा एकात एक गुंडाळला, पिशवी काखेत धरली, दहाची नोट काउंटरवर ठेवली. मग पदराच्या टोकाला बांधलेली चिठ्ठी सोडून माझ्यापुढं केली. तिच्यावर एक मोबाईल नंबर होता.

‘जरा ह्याच्या मामाला फोन लावून द्या.’